तिचा खांदा दुखत नव्हता

माझ्या बायकोने तिरंदाजी सोडली ती खांदा धरला म्हणून, असं आमच्या घरात सगळे समजतात. ते खोटं आहे आणि ते मी सांगितलेलं आहे. तिचा खांदा शेवटपर्यंत धडधाकट होता.

आम्ही दोघं पुण्याहून परदेशात, क्लोनडॉकिनला लेकीकडे आलो ते नातीला सांभाळायला. लेक चेरीवूडच्या ऑफिसात आणि नात दिवसभर आजीच्या कडेवर. एका रविवारी सगळे डोंगरातल्या रानात फिरायला गेलो. झाडांमागे एक हरीण उभं दिसलं. जवळ गेल्यावर कळलं, फोमचं आहे. या देशात धनुष्याने शिकार करायला बंदी आहे. म्हणून हौशी लोक रानात अशी खोटी जनावरं मांडतात, पायवाटेने एकेकापुढे जाऊन बाण मारतात आणि पुढच्याकडे वळतात. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या सुताराने हिच्याकडे बघून स्वतःचं लाकडी धनुष्य पुढे केलं. हिने साडीचा पदर खोचला, जाकिटाची बाही वर सारली आणि पहिलाच बाण हरणाच्या बरगडीत मारला.

हिचे वडील मेळघाटात फॉरेस्ट गार्ड होते. कोरकू शेजाऱ्यांच्या बांबूच्या धनुष्यावर लहानपणीच हिचा हात बसला होता. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली तरी मला याचा पत्ता नव्हता. ती सांगायला लागली की मी तिची वऱ्हाडी सुधारत बसायचो, त्यात गोष्ट राहून जायची.

मग दर रविवारी तो सुतार गाडी घेऊन दाराशी यायचा. त्याने हिच्या मापाचं धनुष्य करून दिलं. हिचा नियम साधा होता. एका जनावराला एकच बाण. लागला तर लागला, नाही तर चला पुढे. लागला की बाण उपटण्याआधी त्या फोमच्या पाठीवर क्षणभर तळवा टेकवायची आणि तो कपाळाला लावायची. चिखलाचे बूट घेऊन घरी आली की मी विचारायचो, किती लागले? म्हणायची, हरणाला विचारा.

मला ते पुरेना. पुण्याच्या कारखान्यात मी बत्तीस वर्षं सुटे भाग तपासले. चांगली गोष्ट दिसली की ती आणखी अचूक कशी होईल, याशिवाय मला दुसरं काही सुचत नाही. मी धातूचं धनुष्य मागवलं, नेम धरायला दुर्बिणीसारखं काहीतरी लावलेलं. किती बाण लागले ते मांडायला वही घातली. तिच्या मागे उभा राहून कोपर वर, श्वास रोख, असं सांगू लागलो. तीन महिन्यांनी तिला न विचारता स्पर्धेत नाव दिलं.

स्पर्धेच्या दिवशी तिसरं जनावर रानडुक्कर होतं. बाण लागला. ही नेहमीसारखी गेली आणि त्याच्या पाठीवर तळवा टेकवला. मागे लोक खोळंबले होते. मी इंग्रजीत मोठ्याने म्हणालो, माफ करा हं, आमच्या बाईंना डुकरातही देव दिसतो. लोक हसले. सुतार हसला नाही. हिने बाण उपटला, धनुष्य माझ्या हातात दिलं आणि गाडीत जाऊन बसली.

मी शेजारी बसल्यावर ती एवढंच बोलली. "माह्यं एवढं एकच होतं. तेही तपासलं तुम्ही."

पुढच्या रविवारी ती गेली नाही. लेकीने विचारलं, आई, काय झालं? ही म्हणाली, बाबाले विचार. मी पटकन म्हणालो, खांदा धरलाय, दिवसभर बाळ कडेवर, या वयात आणखी काय होणार. लेकीचा चेहरा उतरला. त्या दिवसापासून ती ऑफिसातून आली की आईच्या खांद्याला मलम चोळायची. ही माझ्याकडे बघत निमूट चोळून घ्यायची. मी बोलेन म्हणून वाट बघत असावी. मी पेपर वाचायचो. सुतार अधूनमधून फोन करायचा आणि मी त्यालाही खांदाच सांगायचो.

ही गेल्या हिवाळ्यात गेली. भेटायला आलेल्या सुताराला लेक म्हणाली, माझ्या बाळापायी तिचा खांदा गेला. तो माझ्याकडे बघत राहिला. मी त्याच्यापुढे चहाचा कप सरकवला. खरं सांगितलं ते महिन्याने, स्वयंपाकघरात, लेक प्रेसमधले डबे पुसत असताना. कपाटाला आता इथल्यांसारखा मीही प्रेसच म्हणतो.

तिने डबा खाली ठेवला. "दीड वर्ष मलम चोळलं मी, बाबा. आईने एकदाही हात झटकला नाही." मग विचारलं, "तेव्हा सांगितलं असतंत, तर ती परत गेली असती?"

हो, मी म्हणालो.

प्रेसच्या वर जुन्या साडीत गुंडाळलेलं लाकडी धनुष्य होतं, ते तिने काढून खोलीत नेलं. आता रविवारी सुताराबरोबर ती जाते. मीही येऊ का, असं एकदा विचारलं. नको, म्हणाली.

परवा परतली तेव्हा उजवा खांदा दाबत होती. नवशिक्याचा दुखतोच. मी मलम काढून आणलं आणि टोपण उघडून उभा राहिलो. तिने ट्यूब माझ्या हातातून घेतली, टोपणही मागून घेतलं आणि खोलीत जाऊन दार लावलं.