साहेब घरी येणार म्हणून

घरोघरी जाऊन पेशंट बघणाऱ्या आम्ही दोघी नर्स, मी आणि शुभांगी. गोव्यातला डिचोली तालुका माझा, पेडणे तिचा. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात भेटलो की भाजी राहते बाजूला, किस्सेच निघतात. सुरुवात हसून होते, पण हसू शेवटपर्यंत टिकत नाही.

सरकारी योजनेतून आम्हाला भेटीमागे पैसे मिळतात, शहरात आणि गावात दर एकच. म्हापशात एका बिल्डिंगमध्ये चार पेशंट होतात. पेडण्यात एका म्हातारीच्या ड्रेसिंगला शुभांगीची अख्खी सकाळ जाते. तिने पेट्रोलचं विचारलं तर क्लार्क म्हणाला, "मग जवळजवळचे पेशंट घ्या ना, मॅडम!"

"बरं," शुभांगी म्हणाली. "म्हातारीला सांगते, आजारी पडायचं तर म्हापशात येऊन पड."

माझ्याकडे पाळी गावात खाणीच्या ट्रकवरचा एक ड्रायव्हर आहे, मूळचा सावंतवाडीकडचा. पाठ मोडून पडलाय. योजनेला गोव्याचा रहिवासी दाखला लागतो, तो त्याच्याकडे नाही. बायको म्हणाली, "सिस्टर, आजार हय गोव्यात झालो, कागद थय सावंतवाडीक रवले." आता ती मला आठवड्यातून एकदाच बोलावते. तेवढंच परवडतं तिला.

आणि आमोणे गावातले माझे पेशंट, भाऊ. जन्मभर शेती केलेला माणूस, अर्धांगवायूने आडवा झाला. तीन महिने खपून मी त्यांना आधाराने दोन पावलं टाकायला शिकवलं. तोवर त्यांची शिल्लक संपत आली, म्हणून योजनेचा अर्ज भरला. अट एकच, पेशंट अंथरुणाला खिळलेला हवा. तपासणीला साहेब आले. इस्त्रीचा शर्ट घालून, बायकोच्या खांद्यावर हात टाकून भाऊ त्यांना सामोरे गेले! साहेबांनी लिहिलं, 'पेशंट चालतो.' अर्ज नामंजूर.

"उठलात कशाला, भाऊ?" मी चिडलेच.

"सायब घराक इलो आणि मी निजान रवतलंय?"

माझं येणं थांबलं तर ती दोन पावलंही जाणार होती. पुन्हा अर्ज केला. या वेळी मीच बजावलं, अजिबात उठायचं नाही. सांगताना अजून लाज वाटते मला. साहेब आले तेव्हा भाऊ भिंतीकडे तोंड करून पडून होते. अर्ज मंजूर झाला.

मंजुरीचं पत्र घेऊन मी गेले. हात पुढे केला. "चला भाऊ, आता उठा."

भाऊंनी आधी दाराकडे पाहिलं.

"नको गो बाय," ते म्हणाले. "कोणतरी बघतलो."