हिरकणीबेनच्या अस्थी

तलासरीच्या शाळेत सुधाताईंचा वर्ग माझ्या वर्गाला लागून होता. माहेर नरपडचं, चिकूची वाडी असलेलं. दहा वर्षांच्या असताना त्यांची आई गेली, एवढंच मला माहीत होतं. पितृपक्षात अविधवा नवमीला त्या न चुकता रजा टाकायच्या आणि एका सवाष्णीला जेवायला बोलवायच्या. लग्नानंतरही त्यांनी हे कधी मोडलं नाही.

१९९५च्या मार्चमध्ये त्यांचे वडील, श्यामकांत राऊत, वारले. तेरावं उरकल्यावर सातबाऱ्यावर वारसांची नावं लावायची होती, म्हणून सुधाताईंनी आणि धाकट्या परेशने वडिलांची ट्रंक उघडली. तळाशी, खताच्या जुन्या पावत्यांखाली, तीन पोस्टकार्डं निघाली. मजकूर गुजराती. आमच्या भागात गुजराती सगळ्यांनाच वाचता येतं. सुधाताईंनी पहिलं कार्ड मोठ्याने वाचायला घेतलं आणि त्या मध्येच थांबल्या.

'हिरकणीबेन श्यामकांत राऊत ता. ११ जानेवारी १९८५ रोजी इस्पितळात गुजरी गेल्या. अग्निसंस्कार मंडळाने केला आहे. अस्थी आमच्याकडे आहेत. येऊन घेऊन जाव्यात.'

दुसरं कार्ड शहाऐंशीचं, तिसरं एकोणनव्वदचं. मजकूर तोच, फक्त विनंती जास्त काकुळतीची.

हिरकणी म्हणजे त्यांची आई. घरच्या सांगण्याप्रमाणे ती बासष्ट साली तापाने गेली होती. तिसरं मूल पोटातच गेल्यावर तिचं खाणंपिणं सुटलं होतं. एकदा ती भरतीच्या पाण्यात गळ्यापर्यंत चालत गेली. वडील तिला गुजरातेत इलाजाला म्हणून घेऊन गेले आणि महिन्याने एकटेच परतले. डोकं भादरलेलं होतं. दिवसकार्यही झालं.

सुधाताई कार्डं घेऊन ओसरीवर आत्याकडे गेल्या. आई गेल्यावर या आत्यानेच दोघांना वाढवलं होतं. आता ती ऐंशीला टेकली होती.

"आत्या, तुला माहीत होतं?"

आत्याने कार्डांकडे पाहिलंही नाही. "होतं."

"ती जिवंत असताना तुम्ही तिचं तेरावं घातलंत?"

"वेडाचं घराणं म्हटलं असतं लोकांनी. तुला कोणी पदरात घेतली असती, सुधे? तुझ्यासाठीच केलं."

हे सगळं सुधाताईंनी मला दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सांगितलं, आवाज अजिबात न चढवता. मग म्हणाल्या, "स्वप्ना, माझ्याबरोबर येशील? परेश येणार नाही."

उन्हाळ्याची सुट्टी लागल्यावर आम्ही एसटीने वापीला गेलो आणि तिथून गाडीने पुढे. कार्डावरच्या पत्त्यावर मंडळ नव्हतंच. त्या जागी आता कापडाचं दुकान होतं. दुकानदाराला काही सांगता येईना. मग आम्ही मनोरुग्णांचं इस्पितळ गाठलं. कारकुनाने मान हलवली. नव्वदच्या आधीची दप्तरं पुराच्या पाण्यात भिजून गेली होती. आम्ही पायऱ्या उतरत होतो, तेवढ्यात फरशी पुसणारी एक म्हातारी आया उठून उभी राहिली.

"तमे हिरकणीबेनची सोकरी? तोंड तेच आहे."

तिचं नाव भिकी. ती सुधाताईंचा हात धरून बोलत राहिली, निम्मं गुजरातीत, निम्मं मराठीत. हिरकणीबेन दोन-तीन वर्षांत चांगल्या झाल्या होत्या. मग वीस वर्षं त्या इस्पितळाच्या रसोड्यात भाकऱ्या करत होत्या.

"डाक्टरसाहेबांनी घरी कागद लिवले, घेऊन जा म्हणून. कोण आला नाही. मला विचारायच्या, माझी सुधा आता केवढी झाली असेल? मी बोलायची, मोठी. दर वर्षी मी एवढंच बोलायची, मोठी."

थंडीत छाती भरली आणि चार दिवसांत त्या गेल्या. भिकीनेच आम्हाला मंडळ चालवणाऱ्या अमृतभाईंचा नवा पत्ता दिला.

अमृतभाईंची लाकडाची वखार होती. दारात मंडळाची शववाहिनी उभी होती. बेवारस माणसांचे अंत्यसंस्कार करण्याचं काम ते तीस वर्षं करत होते. मागच्या खोलीत फळ्यांवर मडकी मांडलेली होती. प्रत्येकाच्या तोंडाला लाल कापड बांधलेलं आणि गळ्यात पत्र्याची चकती. त्यांनी चष्मा पुसला, जाड वही उघडली आणि सरळ वरच्या फळीवरून एक मडकं उतरवलं.

"बाकीच्यांचं वर्षभराने नदीत सोडतो," ते म्हणाले. "पण या बेनना सरनामा होता, घरचा पत्ता. घर असलेल्या माणसाला मी कसं सोडू?"

वहीत 'सगेसंबंधी' या रकान्यात गुजरातीत दोन नावं होती: सुधा, परेश. इस्पितळात आईनेच सांगितली असणार. सुधाताईंनी त्या नावांखाली सही केली.

"एवढा उशीर का केलात, बेन?" अमृतभाईंनी विचारलं. त्या विचारण्यात राग नव्हता.

"आम्ही समजत होतो ती कधीच गेली," सुधाताई म्हणाल्या. अमृतभाईंना ते कळलं नाही. सुधाताईंनी मडकं दोन्ही हातांनी उचललं.

परतीच्या सगळ्या प्रवासात मडकं त्यांच्या मांडीवर होतं. नरपडला पोचलो तेव्हा परेश वाडीच्या फाटकातच उभा होता.

"ताई, अदितीचं बोईसरला ठरत आलंय. आठ दिवसांवर बोलणी आहेत. हे तू तिकडेच कुठे तरी सोडून यायचंस ना. गावात काय सांगू मी?"

"खरं ते सांग."

"माझ्या मुलीचं वाटोळं होईल."

सुधाताईंनी कुंपणाजवळच्या चिकूच्या फांदीला मडकं बांधलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भरतीच्या वेळी त्या किनाऱ्यावर उभ्या राहिल्या. शेजारपाजारच्या बायांना त्यांनी स्वतः घरोघर जाऊन बोलावलं होतं. सगळ्यांसमोर त्या म्हणाल्या, "ही माझी आई. ही बासष्टला गेली नाही, पंच्याऐंशीला गेली. वेडी म्हणून नेऊन ठेवली आणि बरी झाल्यावरही आम्ही तिला आणली नाही." मग कमरेएवढ्या पाण्यात जाऊन त्यांनी मडकं उपडं केलं. परेश आला नाही. आत्याने घराची खिडकी लावून घेतली होती.

बोईसरहून निरोप आला तो पाचव्या दिवशी. मुलाकडच्यांनी नकार कळवला, कारण सांगितलं नाही.

जूनमध्ये शाळा उघडली आणि एक दिवस अदिती तलासरीला आली. अठरा वर्षांची मुलगी, डोळे सुजलेले. वऱ्हांड्यात उभी राहून तिने एकच विचारलं, "आत्या, तू आठ दिवस थांबली असतीस तर?"

अदिती गेल्यावर सुधाताई माझ्या वर्गात येऊन शेवटच्या बाकावर बसल्या. "आई दहा वर्षं फळीवर होती," त्या म्हणाल्या. "आणखी आठ दिवसांनी तिचं काय बिघडलं असतं? थांबता मला नाही आलं, स्वप्ना."

अदितीचं लग्न पुढे तीन वर्षांनी झालं, लांब, नात्यागोत्याबाहेर. सुधाताईंना पत्रिका आली नाही. त्याच वर्षी आत्या गेली. कळल्यावर सुधाताई पहिल्या एसटीने नरपडला गेल्या, मीही बरोबर होते. परेश दारात उभा होता. तो बाजूला झाला नाही. सुधाताईंनी अंगणातूनच आत्याला हात जोडले. तिरडी उठेपर्यंत त्या बायांच्या मागे उन्हात उभ्या राहिल्या, आणि मग आम्ही डहाणूच्या स्टँडकडे चालू लागलो.