आजोबांच्या नावापुढची चौकट

जायफळ घातलेल्या कॉफीचा वास आला की मला कळव्याच्या घरातली ती दुपार आठवते. मुलांनो, तुमचे आजोबा जाऊन महिना झाला होता. वागळे इस्टेटमध्ये वेबसाइटचं काम करणारी तुमची आत्या आमच्या सोसायटीसाठी सभासदांच्या माहितीचा ऑनलाइन फॉर्म बनवत होती, आणि तपासून बघायला तिने आपल्याच घरातली चार नावं त्यात घातली होती. प्रत्येक नावापुढे एक चौकट होती. ती उघडून 'हयात' किंवा 'मयत' निवडायचं. "आई, बाबांचं तू कर, माझ्याने नाही होत," म्हणत तिने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. मी 'मयत' निवडलं, तर चौघांच्याही नावापुढे 'मयत' आलं. "अगं, मारलंस की सगळ्यांना!" ती रडता रडता हसली. एकच चौकट तिने चार ठिकाणी उतरवली होती, पण प्रत्येकीला वेगळा आयडी, म्हणजे स्वतःची ओळख, द्यायला ती विसरली होती, म्हणून एक बदलली की सगळ्याच बदलत होत्या. मी घाईघाईने माझ्या नावापुढे 'हयात' केलं, आणि आजोबांच्या नावापुढेही 'हयात' आलं. आम्ही दोघी त्या 'हयात'कडे बघत राहिलो. कॉफीवर साय धरली. "आई, दुरुस्त करू?" तिने हळूच विचारलं. "थांब गं जरा," मी म्हणाले. मग तिने चारही चौकटींना वेगवेगळे आयडी दिले, आणि आजोबांच्या नावापुढे मला पुन्हा एकदा 'मयत' निवडावं लागलं. अजूनही कुठल्या फॉर्मात तशी चौकट आली, की माझं बोट आधी 'हयात'वरच जातं.