चार उकर्डे, एक काशीमाय

लोक किस्से आठवून आठवून सांगतात. आमच्यावर तशी वेळच आली नाही. एका गावात, मागेपुढे दोन-चार वर्षांचे, एकाच नावाचे चार जण असले की किस्से आपोआप घडतात. आणि कुणाचा किस्सा कुणाच्या नावावर गेला, हे निस्तरता निस्तरता आणखी दोन तयार होतात!

बरं, नाव तरी कसं? उकर्डा! धाड गावच्या बाजाराच्या वाटेवरचं आमचं गाव. आमच्याकडे ज्या बाईची लेकरं जगत नसत, तिचं नवं लेकरू जन्मल्याबरोबर उकिरड्यावर नेऊन ठेवत. यमाला वाटावं, टाकलेला केर आहे, कशाला हात घाण करा! मग दुसऱ्या बाईनं ते उचलायचं आणि आईनं सूपभर ज्वारी देऊन तिच्याकडून ते परत घ्यायचं. नाव ठेवायचं उकर्डा.

आम्हा चौघांनाही उचललं ते काशीमायनं. ती गावची सुईण. तिची स्वतःची दोन्ही लेकरं गेली होती. "माह्यी उचलायले कोनी नोतं," एवढंच ती म्हणे आणि लगेच दुसरा विषय काढे.

चौघांत एक उकर्डा पाटील, घरची भरपूर शेती. एक टेलर. जातीनं आमच्यासारखा कुणबीच, पण चिखलीहून शिलाईची मशीन आणली म्हणून टेलर. एक पैलवान, पुढे तहसिलीत चपराशी लागला. आणि चौथा मी, शाळामास्तर.

*

लहानपणी आमचं एक भांडण ठरलेलं असे. कोण जास्त किमतीचा?

पाटील म्हणे, "मह्यासाठी दोन सुपं देल्ले!" टेलर म्हणे, "मह्यी ज्वारी पांढरीशुभ्र होती." शेवटी आम्ही काशीमायकडे निवाड्याला गेलो. ती म्हणाली, "साऱ्यायची येक येक सूप ज्वारी. फक्त ह्या पैलवानाच्या घरी तवा दाने नोते, म्हून कोंडा देल्ला."

पैलवानाचं तोंड एवढंसं झालं. काशीमायनं त्याला जवळ ओढलं आणि म्हणाली, "काऊन रडतं बे? कोंड्यात घेतला, पन वजनात तूच भारी निंगाला!"

*

पाटलाला मुलगी सांगून आली, देऊळगाव राजाकडची. पाहुण्यांनी वेशीवर विचारलं, "उकर्डाचं घर कोणतं?" कुणीतरी जवळचं घर दाखवलं. ते निघालं टेलरचं!

टेलर बिचारा भोळा. दारात आलेला माणूस म्हणजे पाहुणा, एवढंच त्याला कळे. त्यानं पाय धुवायला पाणी दिलं, चहा केला, एका पाहुण्याच्या कोटाची बाही उसवली होती ती बोलता बोलता शिवूनही दिली. पाहुणे खूश. मग मुख्य गोष्ट निघाली.

"पेरणीले तिफनी किती चालतात तुमच्या?"

टेलर म्हणाला, "तिफन नाई जी. मशीन चालते!"

सगळा घोटाळा उलगडला तेव्हा टेलर स्वतः त्यांना पाटलाच्या घरी पोचवून आला. सोयरीक जमली. पण त्या शिवलेल्या बाहीवाल्या पाहुण्यानं पुढच्याच महिन्यात आपली पुतणी टेलरला दिली. पाटील अजून म्हणतो, "पोरीसाठी पाहाले आले मले, आन् दोन लग्नं लावून गेले!"

*

पैलवान चपराशी झाला तेव्हाची गोष्ट. साहेबानं त्याच्या हातात समन्स दिलं, "तुमच्याच गावचा उकर्डा आहे, बजावून ये." पैलवानाला अक्षर येत नसे. तो आठ कोस चालत आला. पाटलाकडे गेला, पाटील म्हणाला, "माह्यं कायचं समन्स?" टेलर तर घाबरून मशीनमागेच बसला. शेवटी माझ्याकडे शाळेत आला.

मी बापाचं नाव वाचलं आणि पोरांसमोर हसू आवरेना. एका मारामारीत साक्ष द्यायला बोलावलं होतं, ते खुद्द पैलवानालाच!

तो जराही गडबडला नाही. म्हणाला, "सरकारी काम हाय, मास्तर. शाई आन." बजावणाऱ्याच्या जागी त्यानं अंगठा उठवला. घेणाऱ्याच्या जागी उठवला. मग कागद घडी करत मला म्हणाला, "मानूस सापडाले लय तरास झाला!"

*

आता माझं. अमरावतीला मास्तरकी शिकायला गेलो तेव्हा या नावाची इतकी लाज वाटली की सांगता सोय नाही. हजेरीला नाव पुकारलं की अख्खा वर्ग खिदळे. सुटीत घरी येऊन मी जाहीर केलं, "आजपासून मी उत्तमराव."

आई जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही जेवली नाही. माझ्याआधीची तीन गेली होती तिची. मी चिडून काशीमायकडे गेलो, म्हटलं, तूच समजाव आईला.

काशीमाय शांतपणे म्हणाली, "ठेव ना बापा उत्तमराव. चांगलं नाव हाय. पन मले ओळख नाई त्याची. म्या उचलला तो उकर्डा."

मी घरी आलो, आईसोबत एका ताटात जेवलो. नाव राहिलं. आज वाटतं, बरं झालं. एका बाईनं मला उचललं आणि दुसरीनं परत घेतलं. एवढं कौतुक कुठल्या उत्तमरावाच्या वाट्याला येतं?

*

म्हातारपणी काशीमायच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाले. भिंत धरून चालायची. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू, पण आठ दिवस मान हलवायची नाही. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. हसायचं नाही, खोकायचं नाही, रडायचं नाही, नाहीतर दृष्टी गेलीच समजा. जवळचं माणूस सोबत हवं. तेही एकच, त्याच्या नावाचा पास मिळेल.

"कोन हाय तुमचं?" नर्सबाईनं विचारलं.

काशीमाय म्हणाली, "लेक हाय. उकर्डा."

पास निघाला: 'उकर्डा, मुलगा.' आठ दिवस सलग राहणं कुणालाच शक्य नव्हतं. लग्नसराईत टेलरला फुरसत नाही, पैलवानाला रजा नाही, पाटलाचं खळं चालू, माझी शाळा. आम्ही दोन दोन दिवस वाटून घेतले. पासावरचं नाव तर खरंच होतं!

पहिले दोन दिवस काडीसारखा टेलर राहिला. तिसऱ्या दिवशी फाटकात पैलवान उभा. दरवान पासाकडे बघे, पैलवानाकडे बघे. "काल त तू येवढासा होता!"

"दवाखान्याचं दूध मानवलं," पैलवान म्हणाला आणि आत गेला.

मग पाटील. ज्याला घरी पाण्याचा तांब्यासुद्धा गडी देतो, त्यानं दोन दिवस तिचं शौचाचं भांडं स्वतः धुतलं, कुणाला हात लावू दिला नाही. हे मला नर्सबाईंनी सांगितलं, पाटलानं आजवर तोंडातून काढलं नाही.

सातव्या दिवशी मी गेलो. नर्सबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. "आजी, तुमचा लेक सोमवारी टेलर होता, बुधवारी चपराशी, शुक्रवारी पाटील, आन् आज म्हणते मास्तर हाय. डोकं ठिकानावर हाय ना त्याचं?"

आता ही हसली तर डोळे गेले! पण डोळ्यांवर पट्टी, दोन्हीकडे वाळूच्या पिशव्या, आणि काशीमाय रेषभरही न हलता म्हणाली, "डोकं बरं हाय, बाई. येकच लेक हाय, पन लय कामाचा!"

*

नवव्या दिवशी पट्टी निघायची होती. पास एक आणि आम्ही चौघे! दरवानानं चौघांकडे पाहिलं, पासाकडे पाहिलं आणि मुकाट्यानं फाटक उघडलं. टेलरनं कापडाच्या एकाच ठाणातून चौघांना नवे पांढरे सदरे शिवले होते. पैलवानानं केसांना तेल लावून भांग पाडला होता. पाटलानं हात पाठीमागे धरले होते. तिला दिसलं नाही तर काय, हे कुणीच कुणाला विचारलं नाही.

डॉक्टरांनी खिडकीचा पडदा अर्धा ओढला. पट्टीचा एक एक वेढा सुटत गेला. काशीमायनं डोळे उघडले, मिटले, पुन्हा उघडले. डॉक्टरांनी दोन बोटं समोर धरली. "किती आहेत, आजी?"

तिनं बोटांकडे पाहिलंच नाही. डॉक्टरांच्या हाताआडून ती आमच्याकडे बघत राहिली. टेलरकडे, पैलवानाकडे, पाटलाकडे, माझ्याकडे.

मग ती म्हणाली, "अवं माय! यायले धुतलं कोनं?"