काचेच्या झाकणाखालचं रोप

आमचे भावोजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, घड्याळं दुरुस्त करायचे. खिडकीशी टेबल, डोळ्याला भिंग, हातात चिमटा. उघडलेल्या घड्याळावर धूळ बसू नये म्हणून ते त्यावर काचेचं घुमटासारखं झाकण ठेवत. त्या टेबलाला हात लावायची ताईलाही सोय नव्हती.

ताईचं राज्य बाहेरच्या कठड्यावर. जाड पानांच्या सक्युलंटच्या तेवीस कुंड्या. मूलबाळ नव्हतं. "तुमची लेकरं टिकटिक तरी करतात, माझी बिचारी मुकी," असं ती म्हणायची.

ताई गेली आणि पाणी घालायचं काम भावोजींकडे आलं. चार-पाच महिन्यांत पानं सुरकुतली. तहानली असतील म्हणून त्यांनी आणखी पाणी घातलं. एक दिवस एक रोप नुसतं धरलं, तर ते अलगद वर आलं. मुळांना कापसासारखं पांढरं काहीतरी चिकटलं होतं. भिंगातून बघून ते म्हणाले, "अरे, हे तर चालतंय!"

मी नर्सरीवाल्याला विचारून आलो. तो म्हणाला, "पिठ्या ढेकूण आहे, मुळांवरचा. मुळं कापून टाका, माती फेका, शेंडा आठ-दहा दिवस उघड्या हवेत सुकू द्या. मगच कोरड्या मातीत लावा." घरी येऊन मी सगळं सांगितलं. 'उघड्या हवेत' हे शब्द सांगितले की नाही, याची आज खात्री देता येत नाही.

कापायला भावोजी तयार होईनात. "जे दुरुस्त होतं ते कापायचं कशाला?" पंधरा दिवस बसून त्यांनी एकेक मूळ घड्याळाच्या ब्रशने साफ केलं. पण सगळी रोपं धुतली एकाच टबात, एकाच पाण्यात. जी चांगली होती तीही गेली. उरलं एक, ताईने लग्नानंतर पहिल्यांदा लावलेलं.

तेव्हा मात्र त्यांनी ब्लेड घेतलं. मुळं छाटली, शेंडा कागदावर ठेवला आणि सवयीने त्यावर काचेचं झाकण ठेवलं.

"धूळ नको बसायला," ते म्हणाले.

मी तोंड उघडलं. त्यांनी भिंगातून माझ्याकडे बघितलं. "काय रे, मूग गिळलेस का?"

"काही नाही."

इतकी वर्षं ज्या टेबलावरच्या कामात कुणी बोललं नव्हतं, तिथे मी काय बोलणार, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी काचेला आतून वाफ धरली होती. ती मी पाहिली. तिसऱ्या दिवशीही पाहिली.

नवव्या दिवशी त्यांनी झाकण उचललं. शेंडा काळा पडून पाघळला होता. खोलीभर कुजका वास सुटला.

त्यांनी विचारलं, "झाकायचं नव्हतं का रे? तुला माहीत होतं?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी कागदाची पुरचुंडी केली, काच फडक्याने स्वच्छ पुसली आणि गिऱ्हाइकाच्या उघड्या घड्याळावर ठेवली.

पुढे ते दोन वर्षं जगले. येईल त्याला माझ्यादेखत सांगत, "शेवटच्या रोपासाठी मेहुण्याने फार धावपळ केली हो. माझाच हात कमी पडला."

मी खाली बघत बसे.