माझ्याच अक्षरातल्या वह्या

दहिवडीहून आलेल्या एसटीचा कंडक्टर शाळेच्या फाटकाशी उभा राहून म्हणाला, "मास्तर, तुमचा ज्ञानू गेला. काल माती झाली." वर्ग चालू होता. मी परत आत गेलो आणि उरलेला धडा शिकवला. काय शिकवलं ते आठवत नाही... त्याला आता सहा आठवडे झाले.

ज्ञानू माण तालुक्यातला. तोफखान्यात होता, तोफांनीच त्याचे दोन्ही कान नेले. दुष्काळाच्या वर्षी तो घरी परतला तेव्हा गावात एकच काम होतं, खडी फोडायचं. साताऱ्याच्या एका कचेरीत माजी सैनिकांसाठी कारकुनाची जागा निघणार, असं कुणीतरी त्याला लिहून दाखवलं. तिला इंग्रजीचा पेपर होता. म्हणून तो वडूजला माझ्या खोलीवर आला आणि दारातूनच, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आवं मास्तर, मला विंग्रजी शिकवा. पर बोलून न्हाई, लिवून."

मी एकटा माणूस, रविवार खायला उठायचा. हो म्हटलं. उच्चारांचा त्याला उपयोग नव्हता, म्हणून मी लॅटिन धातू, म्हणजे शब्दांची मुळं, काढली. एक धातू धरला की आठ-दहा शब्द हाती लागतात. मी वहीत लिहायचो, तो वाचून बोलायचा. पहिल्याच रविवारी मी 'ऑड' लिहिला, म्हणजे ऐकणं, आणि लिहून झाल्यावर जीभ चावली. तो मात्र ऑडिबल, ऑडियन्स, ऑडिटर अशी रांग बघून खूश. "ही तर भावकी हाय की. आडनाव एक, घरं येगळी." पुढे त्याला आवाजाचीच भावकी हवी झाली. 'वोक' म्हणजे हाक, 'सोन' म्हणजे नाद, 'लोक्' म्हणजे बोलणं. हेच कशाला, असं मी एकदा वहीत विचारलं. म्हणाला, "आवाज तर गेला मास्तर, निदान वळख तरी ऱ्हाऊ द्या."

मग 'डिक्ट' आला, म्हणजे सांगणं. डिक्शनरी, प्रेडिक्ट, व्हर्डिक्ट, डिक्टेशन... सगळे त्याला तोंडपाठ. परीक्षेला मीच त्याला साताऱ्याला घेऊन गेलो आणि बाहेर कट्ट्यावर बसलो. तासाभरात तो आला. पेपरात पहिलंच डिक्टेशन होतं. साहेब पाठीमागे येरझाऱ्या घालत वाचत होते, त्यामुळे ओठ बघून समजायचीही सोय नव्हती. तो शब्द मी माझ्या हातानं त्याला लिहून दिला होता, अर्थासकट, आणि परीक्षेत तेच असेल हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. त्याचं सोडा, मला तर ऐकू येत होतं.

मग लिहिलंस काय, मी वहीत विचारलं.

"डिक्टची भावकी लिवून आलो. समदी. कोरा कागद बरा दिसत न्हाई."

परतीच्या एसटीत तो गाढ झोपला. मी खिडकीबाहेर बघत राहिलो, त्याच्याकडे बघायची लाज वाटत होती.

नोकरी हुकली, तो मेंढरं राखायला लागला. रविवारी मात्र येतच राहिला. आता कुठली परीक्षा नव्हती, नुसते शब्द होते आणि दोन कप चहा. इतक्या वर्षांत मी त्याची माफी मागितली नाही. ती लिहूनच मागावी लागली असती, आणि लिहिलेलं मागे उरतं, म्हणून मी टाळत गेलो. खरं तर भित्रेपणाच तो.

तो गेल्यावर आमच्या रविवारच्या अकराही वह्या काढून बसलो. वाटलं होतं, त्यात तो भेटेल. पानोपान माझंच अक्षर. 'पाऊस झाला का तिकडे?' खाली मोकळी ओळ. 'चहा ठेवू?' मोकळी ओळ. 'हसतोस काय?'... कशाला हसला होता, काही केल्या आठवत नाही. तो सगळं बोलला आणि मी त्यातलं काही लिहून ठेवलं नाही.

काल रविवार होता. चहा केला, चुकून दोन कप. अकराव्या वहीचं पान उघडलं आणि लिहिलं, 'ज्ञानू, डिक्टेशनची चूक माझी होती.' मग सवयीनं मान वर करून थांबलो.