सुनंदाला दिलेला सल्ला

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय, कोण जाणे. पण आता पोटात मावत नाही.

जळगावच्या एका पेपरात दर रविवारी मी जगभरातल्या नव्या कादंबऱ्यांवर लिहितो. कुठल्या कुठल्या देशांतल्या! लोक मान देतात — सर काय काय वाचतात, बाप रे! आणि मला ते आवडतं. फार आवडतं.

माझी मावसबहीण सुनंदा शिंदखेड्याला असते. तिने कादंबरी लिहिली आणि सगळ्यांत आधी मला वाचायला दिली. कापूस वेचणाऱ्या बायकांची — त्या बोलतात तशीच, आमच्या अहिराणीत. मी एका बैठकीत वाचून काढली. हसलो, रडलोसुद्धा — माझी आई अशीच बोलायची हो.

आणि तिला काय सांगितलं? "जगातलं एवढं वाचतो मी, सुनंदा. असं गावंढळ कुणी लिहीत नाही. सगळं शुद्ध मराठीत कर."

खोटं! धडधडीत खोटं. तेव्हा माझ्या टेबलावर एका दूरच्या बेटावरची कादंबरी होती — कोळणींची, त्यांच्याच बोलीतली. मग का बोललो तसं? पुण्याच्या साहित्यिकांत मी आईची भाषा कधी तोंडातून निघू दिली नाही, आणि हिने ती बिनधास्त लिहिली — म्हणून? हो. जळलो मी.

तिने ऐकलं. बिचारीने अख्खी कादंबरी पुन्हा लिहिली. प्रकाशकाने ती परत पाठवली — भाषेत जीव नाही म्हणून. जुनी प्रत दे, मी बोलतो त्यांच्याशी, असं म्हटलं.

"ती ते बंबमा घाली दिनी, भाऊ," ती म्हणाली. बंबात जाळून टाकली होती; अंघोळीचं पाणी तापलं असेल त्यावर.

तेव्हा तरी तोंड उघडायचं! उलट पुढच्याच रविवारी त्या बेटावरच्या कादंबरीवर लिहिलं — लेखिकेने आपल्या माणसांची बोली सोडली नाही, हेच तिचं मोठेपण.

त्याच दिवशी सकाळीच सुनंदाचा फोन आला. लेख वाचला होता तिने. वाटलं, आता शिव्या घालेल. घालायलाच हव्या होत्या. तर म्हणाली, "भाऊ, लेख छान झाला आहे." अहिराणीत नाही — शुद्ध मराठीत, जपून, परक्या माणसाशी बोलावं तसं.

मी थँक्यू म्हणालो.